माळ्यावरच्या द्राक्षांची खिडकी

पहिल्यांदा खटकली ती खिडकी. डिसेंबरची थंडी, जर्सी सिटीच्या रस्त्यांवर बर्फ, आणि आमच्या घराच्या माळ्याची खिडकी सताड उघडी! मी बॅग घेऊन फुटपाथवरच थांबले. डोक्यात चोर आला. माझ्या डोक्यात नेहमी चोरच येतो. टोस्टरमधून ब्रेड वर उडाला तरी मी दचकते.

ऑफिसातून दमून यावं आणि घरी एक किस्सा वाट बघत बसलेला असावा, असं त्या घरात दोन वर्षं चाललं. साठत साठत इतके झाले की मैत्रिणी म्हणाल्या, लिहून काढ. काढते. तेवढंच डोकं हलकं होईल.

तर त्या दिवशी मी घरमालकांचं दार ठोठावलं. खालच्या मजल्यावर ते एकटे, मधल्यावर मी आणि माझी पुण्याची रूममेट प्राजक्ता. मालक डॉमिनिक, सत्तरी उलटलेले, इटलीत व्हेरोनाजवळच्या खेड्यातले. मी त्यांना काका म्हणायचे. का ते त्यांनी कधी विचारलं नाही.

"काका, माळ्यावर कुणीतरी आहे!"

"आहेत ना. चाळीस ट्रे."

वर नेऊन दाखवलं. लाकडी ट्रेंच्या थप्प्या, त्यांत काळे घड, अर्धवट सुकलेले, आणि कोपऱ्यात घुमणारा पंखा. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाची ताजी द्राक्षं आणायची, जानेवारी संपेपर्यंत सावलीत सुकवायची, मग चिरडून त्यांची रेड वाइन करायची. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या अशीच करतात.

मी तासगावची. तोंडातून गेलंच, "अय्या, म्हणजे बेदाणे!"

काकांनी छातीवर हात ठेवला. "बेदाणे? ते नाश्त्याच्या सीरियलमध्ये घालतात!"

*

रविवारी कॉलिंग कार्डवरून बाबांना सांगितलं. आमचं बेदाण्याचं शेड आहे. बाबांचा पहिला प्रश्न, "डिपिंग ऑइल मारलंय का?"

"नाही."

"मग शंभर दिवस लागतील की गं! आपले त्या तेलामुळं पंधरा दिवसांत होतात."

"त्यांना शंभरच लागायला हवेत, बाबा. मुद्दाम हळू सुकवतात."

मग बाबा म्हणाले, "त्या माणसाला सांग, आभाळाकडं बघत बसू नको. घडाला हात लाव. हाताला चिकटला तर वारा दे, खडखडीत असला तर खिडकी लाव." आणि हळूच, "वाइनचं आईला बोलू नको."

मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, "बाबांना सांग, तुम्ही तुमचे बेदाणे सांभाळा!"

आभाळ बघण्यातून सुटायला मी इंजिनिअर झाले. लहानपणी ढग आला की आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन शेडकडं पळायचो. दचकायची सवय तिथलीच. आणि जर्सी सिटीत माझ्या डोक्यावर परत द्राक्षंच!

*

वॉशिंग मशीन तळघरात होतं आणि गेल्या वर्षीच्या वाइनची पिंपंही तिथंच. माझ्या कोटाला तो वास कायमचा लागला. एका सोमवारी मॅनहॅटनमधल्या ऑफिसात मॅनेजरनं मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वैशाली, घरी सगळं ठीक आहे ना? कंपनीत काउन्सेलर आहे."

मी आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. तरी मान खाली घालून "थँक यू" म्हणाले. समजावून सांगायचं त्राणच नव्हतं.

*

प्राजक्ताची आई तीन आठवड्यांसाठी आली. काकूंना माळ्यावर द्राक्षं सापडली. त्यांना वाटलं, म्हातारा एकटा, खाणार कोण, वाळून चालली बिचारी! त्यांनी एक ट्रे खाली आणला, मन लावून देठ काढले, धुतली, तुपात परतली आणि शिऱ्यात घातली. शिवाय वाटीभर शिरा काकांना नेऊन दिला.

मला कळलं तेव्हा काका चमचा तोंडात घालत होते. मी जिन्यातच बसले.

काकांनी डोळे मिटले. सावकाश चावलं. म्हणाले, "खिडकीजवळची थप्पी. खालून तिसरा ट्रे."

मी "सॉरी, सॉरी" सुरू केलं.

"थांब," काका म्हणाले. "अजून आहे का?"

पुढं काकू रोज माळ्यावर जाऊन बुरशी लागलेले मणी वेचायच्या. काका इटालियनमध्ये ओरडायचे, काकू मराठीत. "अहो, हा चांगलाय, टाकताय काय!" दोघांचं इतकं छान जमलं की काकू पुण्याला परतल्या तेव्हा काका दोन दिवस माळ्यावर गेले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी गेले आणि मला हाक मारली. खिडकीपाशी नुसते उभे होते.

"हे रोझा ठरवायची," ते म्हणाले. रोझा त्यांची बायको. गेल्या वसंतात गेली होती. "पन्नास वर्षं मी ट्रे उचलले. खिडकीचं डिपार्टमेंट तिचं. धुकं आलं तर बंद, कोरडी हवा असली तर उघडी, एवढं मलाही माहितीय. पण ती मध्येच कधीतरी उलटं करायची, आणि तेच बरोबर असायचं."

तिच्याशिवायची ही पहिली वाइन. चुकली तर पुन्हा करणार नाही, म्हणाले.

*

जानेवारीत ट्रे उचलताना काकांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून ते मला सांगत होते, "धुकं आलं तर खिडकी बंद!"

पॅरामेडिकला वाटलं, माणूस भ्रमात आहे. त्यानं विचारलं, "सर, आपला प्रेसिडेंट कोण?" काकांनी बरोबर नाव सांगितलं, पुढं एक शिवी जोडली, आणि परत म्हणाले, "खिडकी!"

"भानावर आहे," पॅरामेडिक म्हणाला.

*

बायपास झाली. मी हॉस्पिटलला फोन केला.

"पेशंटशी नातं?"

"टेनंट."

"सॉरी. माहिती फक्त फॅमिलीला."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून "पुतणी" म्हणाले. नर्सनं आडनाव विचारलं. मी घाबरून खरं सांगितलं. "स्पेलिंग?" तेही सांगितलं! ती बिचारी हसली नाही. म्हणाली, "हनी, उद्या त्यांना खोलीत हलवतील. तिथल्या फोनवर ट्राय कर."

मी सकाळी माळ्यावर, संध्याकाळी माळ्यावर, मधे ऑफिस. एका दुपारी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं तर नदी दिसेचना. मी मीटिंगमधून उठले.

"कुठं?" मॅनेजर म्हणाली.

"इमर्जन्सी."

"काय झालं?"

"धुकं."

तिनं या वेळी काउन्सेलरचा नंबरच दिला.

प्राजक्ता म्हणाली, "यार, काका बरे होतील. तू मरशील."

*

शनिवारची सकाळ. नदीवर धुकं, आमच्या गल्लीत ऊन. असं कसं ठरवायचं! खिडकी लावली, उघडली, परत लावली. घडाला हात लावला. किंचित चिकटला. की माझाच हात घामेजलेला होता? एका हातात खिडकीची कडी, दुसऱ्यात फोन. खोलीचा नंबर कालपासून अकरा वेळा लावला होता. नुसती रिंग. खोलीत हलवलं की नाही तेही कुणी सांगत नव्हतं.

बाराव्यांदा लावला. सात रिंगा. आठ. नऊ.

कुणीतरी उचलला. रिसीव्हर कशावर तरी आपटला, मशीनची बीप बीप, मग श्वास.

काय बोलायचं ते मी दोन दिवस पाठ केलं होतं. काका, कसे आहात, दुखतंय का, मी येऊ का. तोंडातून निघालं, "काका, उघडी ठेवू की बंद करू?"

बीप. बीप.

"तुझे बाबा काय म्हणतात?"