फळीवरचा आळ

"थांबा, माझं वाक्य संपलेलं नाही," असं म्हणून बाई समोरच्याच्या नाकापुढे तर्जनी उभी करत. सिंगापुरातल्या आमच्या बांधकाम कंपनीत त्या इंजिनिअर होत्या, मी ड्राफ्ट्समन. चहा गार आला तरी त्यांची तक्रार कारणांसकट असे. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. ऐकायचा कंटाळा येतो, आणि नेमकं तेच ऐकायला हवं असतं.

नव्वदच्या दशकात ओएसबी आम्हाला नवीन होतं. लाकडाचे काप सरस लावून दाबलेली ती फळी प्लायवूडपेक्षा स्वस्त. बेडोकच्या एका बंगल्याच्या कौलांखाली दोन्हींपैकी काय घालायचं, यावर मीटिंग झाली. आमचे साहेब मूळचे दादरचे, पण इथे राहून जिभेवर इथल्या इंग्रजीतला शेपटासारखा 'ला' मुरलेला.

"ओएसबी कॅन ऑर नॉट?"

"चालेल. पण ठोकलं की त्याच दिवशी झाकायचं," बाई म्हणाल्या. "भिजलं तर कडा फुगतात. प्लायवूड वाळल्यावर बसतं, हे बसत नाही. आणि दोन फळ्यांमध्ये फट..."

"कॅन म्हणजे कॅन ला!" साहेब उठलेसुद्धा.

फळ्या ठोकल्या आणि साहेबांनी ताडपत्री दुसऱ्या साइटवर पाठवून दिली. इथला पाऊस काय, रोजचाच. कडा पुरीसारख्या फुगल्या आणि बंगल्याच्या मालकाने सगळं छप्पर उतरवायला लावलं.

"'चालेल' तुम्हीच म्हणाला होतात," साहेब बाईंवर उलटले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "मालकासमोर एवढंच सांगा, फळीच खराब आली. तुमची नोकरी राहील."

नोकरी गेली की इथे राहायचा पासही जाणार, आणि बाईंच्या मुलीची ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा तोंडावर आलेली. हे माहीत असूनच तो माणूस गोड बोलत होता! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मालकासमोर बाई म्हणाल्या, "फळी चांगली होती. आम्ही भिजवली."

त्यांच्या फ्लॅटवर निरोपाला गेलो, तेव्हा मुलगी रडून लाल झाली होती. "ममा सो स्टबर्न ला," एवढंच ती म्हणाली. मला बाईंचाही राग आला.

"एका मुक्या फळीसाठी, बाई?"

"मुकी आहे म्हणूनच. तिच्यावर काहीही ढकलता येतं." बाई खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या.

बंगल्यासाठी साहेबांनी मग प्लायवूड मागवलं. तेही उघड्यावर राहिलं आणि पहिल्याच दुपारी चिंब झालं. भिजलेल्या थप्पीकडे बघत साहेब मला म्हणाले, "बाई असत्या तर आधीच बोंबलल्या असत्या."

आणि ते जेवायला गेले.