पांढऱ्या सोन्याचा संशय

मला शिकवलं ते माझ्या शांतामावशीनं, तालुक्याच्या गावी चार घरची धुणीभांडी करून. परवा मेघनाबरोबर साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेलो. हिरा ठरला होता, कोंदण कशाचं एवढंच उरलं होतं. सोनारानं पांढरं सोनं पुढे केलं.

"सोनं पांढरं कसं?" मी विचारलं.

"आतून पिवळसरच असतं साहेब. वर मुलामा. उतरला की परत चढवून देऊ."

"अरे, अंगठी घ्यायची आहे, चोर पकडायचा नाही," मेघना हसली.

मी अंगठी उजेडात फिरवत राहिलो. मुलामा कुठे संपतो, ते काही दिसेना. पिवळं सोनं झिजलं तरी खाली पिवळंच निघतं. याचं काय सांगावं? आणि मग तोच संशय माझ्याकडे वळला. मेघनाच्या घरी मी मावशीचं नाव सांगितलं होतं, काम नव्हतं सांगितलं.

आम्ही पिवळंच घेतलं. दुकानाच्या पायरीवर मेघनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना बोलावलंस तरी का?"

घरी येऊन पत्र लिहिलं: "मावशी, तुझं काम मी इथे लपवलं होतं. चुकलो. रविवारी साखरपुड्याला ये. तुझी ओळख मीच करून देईन, कामासकट."