हे झालं त्यांचं, आता माझं

माणूस लाजेनं किती वेळा मरू शकतो याची कुठे परीक्षा घेतली, तर तिच्यात मी पहिला येईन, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या आतोबांचं असेल. घरातल्या लग्नात, बेळगावच्या बाजारात, साहेबाच्या टेबलापुढे, लोकांच्या पंगतीत, जिथे जिथे म्हणून मला ताठ मानेनं उभं राहायचं होतं, तिथे तिथे हा गृहस्थ शेजारी उभा होता आणि माझी मान खाली होती. बरं, त्यांनी कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणाचं काही उचललं नाही, पानाच्या पिचकाऱ्या मारल्या नाहीत. ते फक्त लोकांचं बोलणं ऐकत असत. पण त्या ऐकण्यानं आमच्या घराण्याची जेवढी शोभा झाली तेवढी एखाद्या दारुड्या जावयानंही केली नसती.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. राहणार सदलग्याचे. घरी शेती होती, पण ती भाऊ बघायचे, आणि हे हंगामात निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून दुभाष्याचं काम करायचे. सदलगा-चिकोडीकडचे शेतकरी कानडी बोलणारे, घेणारे व्यापारी मराठी बोलणारे. खरं म्हणजे शेतकऱ्यांना मराठी कळायचं आणि व्यापाऱ्यांना कानडी, पण सौद्याला बसलं की दोघांनाही दुसऱ्याची भाषा एकाएकी येईनाशी व्हायची. मग मधे आतोबा. कुणी बोलायला लागलं की ते आधी दोन्ही हातांनी पटका वर सारून कान मोकळे करायचे. मग बोलणाऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायचे, ते दुसऱ्याला त्याच्या भाषेत जसंच्या तसं सांगायचे आणि पहिल्याकडे वळून विचारायचे, "हेच न्हवं?" त्यानं मान हलवली की पटका परत खाली ओढायचे आणि म्हणायचे, "हे झालं त्यांचं. आता माझं." हे 'माझं' त्यांच्याकडे कुणीही मागितलेलं नसायचं. तंबाखू ओली असली तर ओली, भाव पाडून सांगितला असला तर पाडलेला, जे असेल ते दोघांच्या तोंडावर सांगून ते गप्प बसायचे. एवढ्यावर भागलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण जन्मभर दुसऱ्याचं बोलणं वाहून नेल्यामुळे त्यांना ती सवयच जडली, आणि समोरची दोन्ही माणसं मराठी बोलणारी असली तरी ते एकाचं मराठी दुसऱ्याला मराठीतच समजावून सांगू लागले. आत्या म्हणायची, "आमचं भांडण कधी झालंच न्हाई बघ. मी तणतणले की हे माझंच म्हणणं मला सांगत बसतात. दुसऱ्यांदा ऐकलं की माझं मलाच कसंतरी वाटतंय."

मी बेळगावला एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तेव्हा शहापुरात एका विणकराच्या घरी खोली घेतली होती. पुढच्या खोलीत दिवसभर मागाचा खटखटाट चालायचा, आणि घरमालक व मालकीण यांच्यात काही बिनसलं तर त्या खटखटाटात कुणाला पत्ता लागायचा नाही. ही सोय आतोबांनी एका मुक्कामात मोडीत काढली. सकाळी मालकिणीनं चहाची कपबशी जरा जास्तच जोरात ठेवली. मालकांनी माग न थांबवता विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." माग चालूच राहिला. इकडे आतोबांचा पटका वर. ते उठून मागापाशी गेले, विणणाऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, "त्या म्हंत्यात, काही न्हाई." मालक म्हणाले, "ऐकलं की मी." आतोबा म्हणाले, "ऐकलं न्हाई. ऐकलं असतं तर हात थांबला असता. काही न्हाई म्हंत्यात तवा लई असतंय." मालकीण डोळ्याला पदर लावून आत गेली, मालक तिच्या मागोमाग गेले, माग दुपारपर्यंत बंद राहिला, आणि मी त्या घराचा भाडेकरू असूनही मागच्या दारानं कचेरीत गेलो. नंतर कळलं की तिच्या माहेरचं कुणी आजारी होतं आणि तिला चार दिवस जाऊन यायचं होतं. ती गेली, परत आली, आणि येताना आतोबांसाठी तिळाच्या चटणीचा डबा घेऊन आली. माझी लाज काही त्यामुळे कमी झाली नाही.

कचेरीतला प्रकार मी आजही कुणाला सांगत नाही. शेताच्या हद्दीच्या काही कामासाठी आतोबा आमच्या हेडक्लार्ककडे आले होते. हेडक्लार्क म्हणजे माझा अन्नदाता. त्यांनी कागद बाजूला सारत म्हटलं, "ठीक आहे, बघू." बाकी सारं जग यावर नमस्कार करून घरी जातं. आतोबांनी कान मोकळे केले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब म्हंत्यात, बघू." मग साहेबांकडे, "हेच न्हवं?" साहेब म्हणाले, "हो, हेच." "हे झालं तुमचं. आता माझं. बघू म्हणजे कधी ते सांगा. व्हणार नसंल तर न्हाई म्हणा, मला राग न्हाई. पर बघू म्हणून मला परत परत बैलगाडी जुंपायला लावू नका." आवाज चढवलेला नाही, हात जोडलेले नाहीत, चेहऱ्यावर रागही नाही. सगळी कचेरी टाक खाली ठेवून बघत होती. मी तोंड लपवायला दप्तराचं कपाट उघडलं आणि बराच वेळ त्यात काहीतरी शोधत राहिलो. साहेबांनी वार सांगितला, त्या वाराला कामही केलं. पण त्यानंतर मी रजा मागायला गेलो की ते मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "बघू," आणि मग, "चालेल ना? की आतोबांना बोलावणार?"

पण आमच्या घरात जे झालं त्यापुढे हे सगळं काहीच नव्हे. निपाणीला माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि धाकटे काका यांची एकत्र वखार होती. एकदा आप्पा परगावी असताना काकांनी एक सौदा ठरवून टाकला. आप्पा परत आले आणि भर वखारीत, हमालांदेखत, काकांना म्हणाले, "तुला कुणी विचारलंय रं?" बस्स. त्या दिवसापासून काकांनी आप्पांशी बोलणं टाकलं. दोघं एका छताखाली, एका पंगतीत, एका वखारीत, आणि शब्द नाही. आप्पांना काही सांगायचं असलं की ते खांबाकडे बघून बोलायचे, आणि काका उत्तर गोठ्यातल्या म्हशीला द्यायचे. आतोबा आले की मात्र दोघांना बरं वाटायचं, कारण मग निरोप खात्रीनं पोचायचा. आतोबा ताकातल्या मिठापासून वखारीच्या किल्लीपर्यंत सगळे निरोप न्यायचे, आणि कुणी मधे एखादा टोमणा घातला तर तोही न सांडता पोचवायचे. पाहुण्यांपुढे हा खेळ चालला की मला धरणी दुभंगावी असं वाटायचं. शेवटी आप्पांनीच घर वाटून घ्यायचं ठरवलं. मनातून त्यांना ते नको होतं, हे आम्हाला त्यांच्या कमी झालेल्या जेवणावरून कळत होतं, पण बोलणार कोण?

वाटणीसाठी चार वडीलधारी माणसं बोलावली. बैठक दुपारी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसली आणि लांबत गेली. आमचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. आत स्वयंपाक तयार होता. बाहेर काका आप्पांपासून हातभर अंतरावर बसले होते आणि मधे आतोबा.

आप्पा म्हणाले, "दाजी, त्याला सांगा, मागचा सोपा आणि विहिरीकडची खोली त्याची."

पटका वर झाला. "धाकटं पाव्हणं, थोरलं म्हंत्यात, मागचा सोपा अन् हिरीकडची खोली तुमची. हेच न्हवं?"

"हेच," आप्पा दातांत म्हणाले.

"त्यांना सांगा, मला सोपा नको," काका म्हणाले, आणि मग खाली बघून आणखी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," आतोबा म्हणाले. "अर्धं न्हेलं तर निरोप नासतोय."

काकांनी मान वर केली नाही, पण बोलले. आतोबांनी ते जसंच्या तसं, अगदी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आप्पांना सांगितलं. "ते म्हंत्यात, हमालांदेखत मला बोलला, तेवढं चारचौघांत माघारी घ्या. मग घर वाटा न्हाईतर नका वाटू, मला कशाचीच हाव न्हाई. हेच न्हवं?" काकांनी नुसती मान हलवली. आप्पांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आमच्या आप्पांना मी त्याआधी कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं, आणि बघवतही नव्हतं. ते आतोबांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "त्याला सांगा, रागाच्या भरात बोललो."

आतोबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग कधी नव्हे ते, निरोप न देताच पटका खाली ओढला.

"हे झालं तुमचं," ते म्हणाले. "आता माझं. सोप्याचा निरोप मी न्हेला, मिठाचा न्हेला, तुमच्या शिव्याबी न्हेल्या. ह्यो मी न्हेणार न्हाई. ह्यो तुमच्या तोंडानं जायला पायजे. भाऊ हातभर तर लांब हाय."

ऊन समोरच्या भिंतीवरून वर वर सरकत होतं. वडीलधाऱ्यांपैकी एकजण आधी त्या उन्हाकडे, मग स्वयंपाकघराकडे बघून खाकरले. आतून आत्यानं विचारलं, "वाढू का झाकून ठेवू, तेवढं सांगा." आतोबा लगेच म्हणाले, "आतनं इचारत्यात, वाढू का झाकून ठेवू." त्या वेळी हसू कसं आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. ऊन कौलाच्या वळचणीला लागलं तेव्हा आप्पा उठले, ते हातभर अंतर चालून गेले आणि काकांच्या पुढ्यात बसले.

"माझं चुकलं रं," ते म्हणाले. "तसं बोलायला नको होतं मी."

"व्हय," काका म्हणाले. आणि मग भावाला हाक मारून, "अण्णा, उठा आता. दिवस चाललाय."

पानं वाढली गेली आणि सगळे इतक्या घाईनं जेवले की रडायला कुणाला वेळ मिळाला नाही. घर वाटलं गेलं नाही. पण आप्पांनी आतोबांना माफ केलं असं म्हणता येणार नाही. चारचौघांत या माणसानं आपल्याला उघडं पाडलं ही बोच त्यांच्या मनात राहिलीच. दाजी आले की ते उठून पाट द्यायचे, गूळपाणी विचारायचे, पण डोळ्याला डोळा द्यायचे नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आतोबांचे कान गेले. वखारीतलं काम सुटलं, सवय तेवढी राहिली. कुणाचे ओठ हलताना दिसले की ते पटका वर सारून कान मोकळे करायचे आणि विचारायचे, "काय म्हंत्यात?" कानाशी लागून ओरडलं तर त्यांना थोडंफार कळायचं, पण दरवेळी ओरडणार कोण? सगळेजण हात हलवून सांगायचे, "काही नाही." मीही तेच सांगायचो. ते मान हलवून गप्प बसायचे, आणि खरं सांगतो, आम्हाला ते फार सोयीचं झालं होतं.

एकदा दिवाळीत सगळे निपाणीला जमलो होतो. दिवस मावळायला आलेला, पंगत बसलेली. काकांनी कुठल्याशा हमालाची गंमत सांगितली आणि सगळी पंगत हसली, आप्पा तर ठसका लागेपर्यंत. आतोबांनी पटका वर केला आणि आप्पांना विचारलं, "काय म्हंत्यात धाकटं?" आप्पांनी हसता हसता हात हलवला. "काही नाही."

आतोबांनी ते नीट बघून घेतलं. मग पलीकडे बसलेल्या काकांकडे वळून, जन्मभराच्या सवयीनं, स्वच्छ आवाजात सांगितलं, "थोरलं म्हंत्यात, काही न्हाई." आणि परत आप्पांकडे वळून, "हेच न्हवं?"

आतोबांना राग आलेला नव्हता, ते नुसता निरोप पोचवत होते. मी ताटाकडे बघत राहिलो. आयुष्यात आतोबांमुळे इतक्यांदा मान खाली गेली होती, पण त्यांची नव्हे, तर आपलीच लाज वाटून ती पहिल्यांदा खाली जात होती. आप्पा भरल्या ताटावरून उठले. आमच्यात उठलं की जेवण संपलं, आणि ऊन तर जवळजवळ गेलेलंच. आत्या "अरे, अरे" म्हणेपर्यंत ते आतोबांच्या शेजारी जाऊन बसले, उष्टा हात बाजूला धरला आणि त्यांच्या कानाशी ती गंमत पहिल्यापासून ओरडून सांगू लागले. आप्पांना गंमत सांगता येत नसे. त्यांनी शेवट आधी सांगितला, मग मधलं विसरले, मग काकांना विचारून पुन्हा सुरुवात केली. सांगून होईपर्यंत बाहेर अंधार पडला होता. आतोबा हसले नाहीत. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे झालं त्यांचं. तुमचं काय?"

आप्पा पुन्हा त्यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले, पण या वेळी ओरडले नाहीत, त्यामुळे आम्हाला कुणाला ते ऐकू आलं नाही. आतोबांना तरी आलं की नाही, देव जाणे. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, "हेच न्हवं?" असंही विचारलं नाही. पटका तेवढा खाली ओढला आणि आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सदलग्याहून परतताना गाडीत मी आप्पांना विचारलं, त्या दिवाळीत, पंगतीत तुम्ही आतोबांच्या कानाशी काय म्हणालात? आप्पा बाहेर बघत होते.

"काही नाही," ते म्हणाले.