उपाशीपोटी परत गेलेलं औषध

चि. ईशान आणि चि. अन्वी,

गेल्या महिन्यात माझ्या व्यवस्थितपणामुळे आपल्या घराण्यातली चार माणसं औषधं झाली, आणि त्यांतलं एक औषध उपाशीपोटी गारगोटीला परत गेलं. हे फोनवरच सांगणार होते. पण दर रविवारी बरोबर बाराव्या मिनिटाला तुमच्याकडचं नेटवर्क जातं, आणि ही हकिकत काही बारा मिनिटांत बसणारी नाही. म्हणून लिहून पाठवते.

सायली तुम्हाला आठवत असेल. माझ्या भावाची नात, गारगोटीची. बी. फार्मसी करायला तीन वर्षांपासून आपल्याकडे कोल्हापुरात राहते. बाकीचे सगळे विषय सुटले, एक फार्माकॉलॉजी तेवढा अडला. औषध शरीरात जाऊन काय करतं, आणि सांगितलेलं नसताना आणखी काय काय करतं, याचं ते शास्त्र. दोनदा बसली, दोनदा राहिली. तिचा बाप बाजीराव (म्हणजे माझा भाचा) गावाकडे दूध संकलन केंद्र चालवतो. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला.

"आत्या, तिला सांगून ठेव. ह्या खेपंला न्हाई निघाला, तर मुकाट घरला यायचं आन् केंद्रावर दुधाचं फॅट मोजत बसायचं!"

आणि सायलीला तर गारगोटीच्या बाजारात स्वतःचं मेडिकल काढायचं आहे. पाटीचा रंगसुद्धा ठरलेला आहे. (हिरवा.) पोरगी पाठ करून करून निम्मी झाली, तेव्हा मी मध्ये पडायचं ठरवलं. तुमचे आजोबा म्हणाले, "तू पडू नकोस." पण ते असं नेहमीच म्हणतात.

मी पुस्तक हातात घेतलं. आपल्याला उत्तम इंग्रजी येतं, असा माझा आयुष्यभराचा समज होता. तो पहिल्या पानावर गेला. मात्र पुस्तकाची शिस्त मला आवडली. प्रत्येक औषधाचं काम काय, दुष्परिणाम काय, कुणाबरोबर देऊ नये, सगळं ओळीने. लग्नाच्या स्थळाची माहिती असते तसंच, फक्त इथे दोष आधीच छापलेले!

"प्रोप्रॅनोलॉल कुणाला द्यायचं नाही?" मी विचारलं.

"गरोदर... न्हाई, कावीळ... आज्जी, डोस्कं फुटलं बघ माझं."

"बरं, राहू दे. आजोबांच्या पंचाहत्तरीला तुझ्या मुरगूडच्या मामांना बोलवायचं का, ते सांग."

"बोलीव की. पण बाबा असतील तर जेवणं वेगवेगळ्या पंगतीत ठेव. मामा समोर दिसला की बाबांचं बीपी चढतंय. आणि आक्काला मामाशेजारी बसवू नको. ती बोलाय लागली की मामा पेंगतोय, मग आक्काचंबी चढतंय." (आक्का म्हणजे बाजीरावाची आई.)

मी पुस्तक मिटून खाली ठेवलं. औषधांचे दुष्परिणाम आणि एकमेकांशी न जुळणं, असा अख्खा धडा या मुलीने श्वास न घेता म्हणून दाखवला होता! फरक एवढाच, की औषधांच्या जागी नातेवाईक होते.

तुम्हाला माहीत आहे, मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. निवृत्त होताना तिथली कोरी कार्डं टाकून देणार होते, ती मी पेटीभर घरी आणली. त्यांवर आजवर डाळी, लोणची, किल्ल्या आणि विजेची बटणं लिहून झाली. (आजोबा म्हणतात, सकाळी उठल्यावर ते आधी स्वतःचं कपाळ चाचपतात.) आता त्यांवर माणसं आली. वर माणसाचं नाव, खाली काम, त्याखाली दुष्परिणाम, सगळ्यांत खाली सूचना, आणि औषधाचं नाव मागच्या बाजूला. म्हणजे सायलीने समोरची माणसाची लक्षणं वाचायची आणि मागचं औषध ओळखायचं. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. समोरून वाचणाऱ्या माणसाला, मागे औषध आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

कार्डं मी जेवणघरात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. आजोबांचं पहिलं होतं. "काळजाचे ठोके मंद करतात. घरातला दाब उतरवतात. दुष्परिणाम: थकवा, हातपाय गार, कामाचा वेग निम्मा. सूचना: अचानक बंद करू नये." त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "शेवटची ओळ चांगली आहे."

आठवड्यात सायली घडाघडा बोलायला लागली. बुधवारी लेखी पेपर, त्यानंतर तोंडी. आणि त्याआधीच्या रविवारी सकाळी दारात बाजीरावाची गाडी उभी राहिली. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात मटणाची पिशवी, मागे त्याची आई. म्हणजे माझी वहिनी आणि सायलीची सख्खी आजी, जिला सगळं गाव आक्का म्हणतं.

"आत्या, दीड किलो हाय. तांबडा-पांढरा दोन्ही टाक!"

"अरे, येणार म्हणून फोन तरी करायचा!"

"फोन कशाला, वन्सं?" वहिनी चप्पल काढत म्हणाल्या. "परक्याचं घर हाय व्हय?"

मी सायलीला कोथिंबीर आणायला पिटाळलं आणि स्वयंपाकघरात शिरले. जेवणघरात वहिनी आजोबांना त्यांच्या जावेच्या विहिणीच्या ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या. दोरीचा मला साफ विसर पडला होता. (मला! जिने विसरू नये अशा गोष्टींचंही कार्ड केलेलं आहे!)

आधी बाजीरावाचं गडगडाटी हसू ऐकू आलं.

"आक्का, हे ऐक! 'मुरगूडचे मामा. दारूबरोबर देऊ नये, ओकाऱ्या होतात. तोंडाची चव जाते.' आत्यानं लिवलंय बघ! ही बाई खरं बोलती!"

माझ्या हातून मिठाचा चमचा पांढऱ्या रश्श्यात पडला. मी बाहेर धावले, तोवर वहिनी बोट ठेवून पुढचं कार्ड वाचत होत्या.

"आ-क्का. जुन्या पिढीतली. स्वस्त. घरोघर आढळते. दुष्परिणाम: गुंगी, झापड, तोंडाला कोरड. घेतल्यानंतर गाडी चालवू नये." त्या सावकाश वळल्या. "कुणाला झापड येतीया गं माझ्यामुळं?"

तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आजोबा दचकून जागे झाले. "हं? मग झालं का ऑपरेशन?"

त्यानंतर काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं, पण बाजीरावाचं कार्ड उरलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. "बाजीराव. अतिशय तातडीच्या वेळीच वापरावा. मिनिटात चढतो. छातीत धडधड, हातापायाला कंप. असर फार वेळ टिकत नाही." आणि मग तो मिनिटात चढला! पातेल्यांवरची झाकणं थरथरली. आजोबांनी शांतपणे घड्याळात पाहिलं.

"हे शिकवाय ठेवलीया व्हय माझी पोरगी? आपल्याच माणसांची उणीदुणी दोरीवर वाळत घालायला? बास झालं! परीक्षा न्हाई न् बिरीक्षा न्हाई. सायले! बॅग भर!"

सायली कोथिंबिरीची जुडी घेऊन दारातच उभी होती. तीन वर्षांचं शिक्षण आणि ती हिरवी पाटी माझ्या चार कार्डांवर टांगलेली होती, आणि चिमटे माझ्याच हाताने लावलेले होते.

पोरगी रडली नाही. तिने बाजीरावाचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि बापासमोर धरलं.

"मागं काय लिवलंय?"

"ॲड्रेनॅलिन," त्याने अडखळत वाचलं. "हे आन् काय?"

"मधमाश्या डसून माणसाचा घसा सुजला, श्वास कोंडला, दाब पडला, की पयलं हेच औषध, बाबा. मांडीत टोचायचं. श्वासाची नळी मोकळी होती, पडलेला दाब वर येतोय. एवढ्या झटक्यात दुसरं कायबी धावून येत न्हाई." मग म्हणाली, "मी कॉलेजात चक्कर येऊन पडलते, तवा दुधाची गाडी तशीच घेऊन कोण आलतं?"

"मी आलतो."

"किती वेळात?"

"...तासात."

"मग?"

बाजीराव खाली बसला. कार्ड उलटंपालटं करून बघत राहिला.

"पाच मिनिटं," आजोबा घड्याळ बघून म्हणाले. "ओसरला."

सगळं निभावलं असं मला वाटलं, आणि वहिनी म्हणाल्या, "आन् माझ्या मागं काय हाय?"

"क्लोरफेनिरामिन, आक्का. शिंका, सर्दी, अंगावर पित्त उठलं की..."

"म्हंजे सर्दीची गोळी!" वहिनी ताडकन उठल्या. "ह्यो जीव वाचवनार, आन् मी शेंबूड पुसनार! ह्या घरात मी पान्याचा घोट घेणार न्हाई!"

आणि गाडीत जाऊन बसल्या! आम्ही तिघांनी विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. बाजीराव घाईने जेवून उठेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. अन्नाचा अपमान नको म्हणून तांबडा रस्सा मात्र त्यांनी दुधाच्या किटलीत भरून घेतला. (पांढरा घेतला नाही. मीठ दिसलं असावं.) निघताना काच खाली झाली.

"समद्यांची पत्रं टांगली. तुमचं कुठं हाय, वन्सं?"

"कार्डं संपली, वहिनी," मी म्हणाले. पेटीत निदान दोनशे शिल्लक होती. पण माझेही दुष्परिणाम आहेत, हे मला प्रामाणिकपणे सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी बाजीरावाचा फोन आला. "आत्या, तिला राहू दे. पेपर दिऊ दे. आन् ते गाडी चालवू नये लिवलंयस ते खरं हाय गं. आक्का वाटभर बोलत हुती. दोनदा थांबून च्या प्यालो."

विषय निघाला, मुलांनो! बाजीरावाने केंद्रावर पेढे वाटले, आणि वहिनींनीही एक खाल्ला म्हणे. लेखी पेपर बरा गेला होता, पण तोंडी परीक्षेत सायली सुरुवातीला गप्पच झाली होती. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सोपं करून विचारलं, "असं औषध सांग, की ज्याची गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा अगदी शेजारी शेजारी असतात."

"आमची आज्जी," सायली बोलून गेली. मग जीभ चावून म्हणाली, "डिगॉक्सिन, सर." परीक्षक इतके हसले, की तिची भीती पळाली आणि पुढची दहा मिनिटं ती थांबलीच नाही.

हे तिने मला सांगितलं नाही, आजोबांकडून कळलं. तिचं टेबल आवरताना (तिने नको म्हटलं होतं) मला पुस्तकात पाचवं कार्ड सापडलं, तिच्या अक्षरात. "आज्जी. थोडी मिळाली तर दमलेलं काळीज जोमाने चालतं. जरा जास्त झाली की मळमळ, आणि समोरचं सगळं पिवळं दिसतं. शरीरातून लवकर जात नाही. मोजूनच घ्यावी."

मी ते कार्ड तीनदा वाचलं, आणि मग एकदम तुमची आठवण झाली. बाराव्या मिनिटाला जाणाऱ्या त्या नेटवर्कला मी वर्षभर शिव्या दिल्या. तुम्ही दोघांनी फार्माकॉलॉजी न शिकता माझी मात्रा इतकी बरोबर कशी ठरवलीत, ते तेवढं येत्या रविवारी सांगा. पहिल्या अकरा मिनिटांत.

तुमची,
आज्जी