कॅनडाचा लमसेना

माझं परदेशी शिक्षण आमच्या ओसरीवर सुरू झालं आणि तिथंच, चहा गार व्हायच्या आत, संपलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात मॅट्रिक झालेला मी एकटा. (दुसराही एक होता, पण त्याला परीक्षेनं दाद दिली नाही.) कॅनडातल्या एका विद्यापीठाचे साहेब शेतकीच्या कॉलेजासाठी मुलं शोधत गोंदियाला उतरले होते. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं आणि निरोप आला: साहेब सोमवारी घरी येताहेत. वडिलांची सही झाली की तिकीट विद्यापीठाचं!

मधले आठ दिवस मी जमिनीवर नव्हतोच. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्याकडं बघायचो, तर त्यातल्या ढगांचा मला बर्फ दिसायचा. त्या बर्फातून मी लांब कोट घालून चाललोय, मागून कुणीतरी हाक मारतंय...

"अबे, बैल धानात शिरून राहिले ना! कोठी हाये तुयं ध्यान?"

हाक बाबांची असायची.

सोमवारी साहेब जीपनं आले. खाटेवर मांडी घालता येईना, म्हणून जरा तिरपेच बसले. इंग्रजी फक्त मला येत होतं, त्यामुळं उमेदवारही मी आणि दुभाषाही मीच.

"आमच्याकडं जमीन पुष्कळ, पण तरुण माणसं कमी," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं तरुण मुलं पुष्कळ. म्हणून न्यायला आलो. मुलगा माझ्याच घरी राहील, जेवेल, सकाळी कॉलेजच्या शेतावर काम करील. चार वर्षं."

मी शब्दन् शब्द इमानदारीनं सांगितला. बाबा दाराआडच्या मायकडं वळून म्हणाले, "हे त लमसेना मांगून राहिले!"

आमच्या जंगलपट्ट्यातली ही रीत. पोरीच्या बापाकडं कामाला हात कमी पडले, की तो एखादा धडधाकट पोरगा घरी आणून ठेवतो. पोरगा तिथंच राहतो, जेवतो, शेतात राबतो आणि ठरलेली वर्षं भरली की त्या घरच्या पोरीशी त्याचं लग्न लागतं. तोच लमसेना. आता साहेबांच्या बोलण्यात यातलं काय नव्हतं, तुम्हीच सांगा! पोरगी तेवढी राहिली होती.

"इचार साहेबाले, पोरगी कोठी हाये?"

"बाबा, ते शिकायले नेऊन राहिले."

"शिकवाले कोनी घरी ठेवते का? फुकट कायले जेवू घालतीन? इचार!"

सही बाबांची होती. मी काय करणार? "घरी कोण कोण असतं?" एवढंच विचारलं. साहेब खूश! त्यांनी पाकिटातून फोटो काढला. साहेब, मडम आणि सायकल धरून उभी असलेली एक मुलगी. मागं खरोखरचा बर्फ! फोटो चुलीपर्यंत जाऊन आला.

"लय वाळली हाये," माय आतून म्हणाली. "पन हासून राहिली. सभाव चांगला असन."

बाबा मुद्द्यावर आले. "चार वर्सं नाई. दोन! पोट्टा तब्येतीनं चांगला हाये."

"वडील विचारताहेत, अभ्यासक्रम दोन वर्षांत होईल का?" मी साहेबांना म्हणालो.

"केवढा विश्वास मुलावर!" साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी अर्ज पुढं केला, पेन बाबांच्या हातात दिलं. बाबा एकेक अक्षर जुळवत सही करायला लागले. कॅनडा आता चार अक्षरांवर आला होता.

फोटो तेवढा माझ्याकडं राहिला होता. मी बघत राहिलो. ती मुलगी सायकल घेऊन बर्फातून निघाली ती थेट आमच्या धुऱ्यावर आली. सायकल मोहाच्या झाडाला टेकवली, फ्रॉक सावरत बांधीत उतरली. पाण्यातले ढग हलले. मला फार सुख वाटत होतं, खोटं कशाला सांगू!

"विद्यापीठाबद्दल तुला काही विचारायचं आहे का?" साहेबांचा आवाज फार लांबून आला.

"हो," मी स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "तुमच्या मुलीला चिखलात उभं राहून धान लावता येईल ना?"

साहेबांनी आधी फोटो घेतला. मग अर्ज. मग बाबांच्या हातातलं पेन. जीप दिसेनाशी झाली तरी बाबांचा हात अर्ध्या सहीवर तसाच हवेत होता.

"का झालं बे? पोरगी नाई म्हनते का?"

"मोडलं," मी म्हणालो आणि मला रडू कोसळलं. (विद्यापीठासाठी की सायकलसाठी, ते अजूनही सांगता येत नाही.)

मला लमसेना पाठवायचं एकदा बाबांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढच्या वर्षी त्यांनी बिरसीला एका घरी बोलणी केली. मी तिथं राहिलो, जेवलो, राबलो आणि दोन वर्षांनी त्या घरच्या पोरीशी माझं लग्न लागलं. हिच्या हातची धानाची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. माझी अजून वाकडीच जाते. साहेबांचा अभ्यासक्रम चार वर्षांत तरी संपला असता. हिनं मला अजून पहिल्या वर्षातच बसवून ठेवलंय!