घरात एकच वजरी

आमच्या घरात जे काही आहे ते सगळं सगळ्यांचं असतं. त्यात माझी चामखीळही आली.

झालं असं, की माझ्या टाचेला बारीकसा कडक गड्डा आला. मधोमध काळे ठिपके. मी भोकरदनला तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस, निदान जागेवरच केलं! "बाभळीचा काटा हाय. टोक आत राह्यलंय."

"अवो, दवाखान्यात दाखवा जल्दी," बायको म्हणाली.

"काट्यासाठी डॉक्टर? लोक हसतील!"

सुईनं कोरलं. काटा निघेना. मंग न्हाणीतली वजरी घेऊन रोज टाच घासायला लागलो. (वजरी घरात एकच. तिच्यावर तिघांचाही समान हक्क.)

दोनेक महिन्यांनी बायको लंगडायला लागली. "तुलाबी काटा मोडला का?" मी विचारलं.

"मी रानात कधी गेल्ते?"

आणि एके सकाळी आमची लेक मुक्ता पळायच्या सरावावरून बूट हातात घेऊन परत आली. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं राबत होती पोरगी. "पप्पा, टाच टेकवत न्हाई. ग्राउंड दीड महिन्यावर आलंय!" तिचे डोळे भरले होते.

तिघंही लंगडत दवाखान्यात! डॉक्टरीणबाईंनी माझा गड्डा दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबला. मी असा ओरडलो, की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले.

"काटा नाही सर, चामखीळ आहे. विषाणूमुळे होते. ते ठिपके म्हणजे गोठलेलं रक्त. काय काय केलंत?"

बायकोनं सगळं सांगितलं. न विचारलेलंही!

"म्हणजे वजरीवरून तुम्हीच वाटलीत की! आता कोरायचं बिलकुल नाही. रोज कोमट पाण्यात पाय बुडवून औषध लावा. न्हाणीत चप्पल घाला. टॉवेल, वजरी ज्याची त्याची. आणि धीर धरा."

रोज संध्याकाळी चष्मा लावून मीच मुक्ताच्या टाचेला औषध लावायचो. "चुकलंच गं माझं," म्हणायचो.

"राहू द्या पप्पा. औषध सांडून राह्यलं."

महिन्याभरात तिची टाच टेकायला लागली. ग्राउंडच्या दिवशी जालन्यात मैदानाच्या गेटबाहेर मी देव पाण्यात घालून उभा. मुक्ता धापा टाकत आली. "पप्पा, पहिल्या पाचात!" मी भर रस्त्यात रडलो.

"पण इतकी पळालीस कशी गं?"

"सोपं हाय. मनात आणलं, मागून तुम्ही इलाज करायला येऊन राह्यले!"