मायाक्काने दिलेली ओ

"येकदाच हाक मारली, कारण दुसऱ्यांदा मारायला जीव कुटं उरला हुता त्यांच्यात?" आई म्हणत होती.

"दारात चन्नवीर न्हवताच," अज्जी म्हणाली. "चन्नवीर वाटंतच गेला हुता. दारात आलं ते दुसरंच."

हे भांडण मायाक्काने ज्वारीच्या कणगीमागे बसून ऐकलं. तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर. अक्कलकोटच्या अलीकडे, जिथे माणूस शिवी कानडीत देतो आणि समजूत मराठीत काढतो, तसल्या एका गावात त्यांचं घर. तिचे अप्पा, चन्नवीर, बाजाराला गेले होते. बाजारच्या दिवशी ते बहिणीकडे वस्तीला राहायचे, म्हणून घरात कुणी वाट पाहत नव्हतं. आणि दिवेलागणीला दारातून हाक आली, "माये."

आवाज अप्पांचाच. पोर ओ देणार, तेवढ्यात अज्जीने तिच्या तोंडावर हात दाबला. त्या भागातला नेमच तसा. तिन्हीसांजेला दारातून हाक आली तर एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. हाकामारी एकदाच मारते, आणि ओ दिली त्याला घेऊन जाते. अज्जीचा हात तोंडावर, हाताला लसणाचा वास, आणि घरभर सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत उभे. दुसरी हाक आलीच नाही. सकाळी दार उघडलं तर अप्पा उंबऱ्याला डोकं टेकून गार पडलेले. पाय काळानिळा. वाटेत पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता.

झालं ते एवढंच. सासू-सुना पुढे जन्मभर एका परातीत पीठ मळत राहिल्या, पण त्या गोष्टीवर पुन्हा बोलल्या नाहीत. मायाक्का मात्र दोघींचं बोलणं पदरात बांधून सोलापूरला नांदायला आली.

सोलापुरात नवरा गिरणीत होता, मग गिरणी बंद पडली, मग नवराही गेला. मायाक्का राहिली आणि तिचा तवा राहिला. ती कडक भाकऱ्या करायची. पापडासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग मंद आचेवर ठेवून कुरकुरीत वाळवायची. महिना ठेवा, काही होत नाही. सकाळी भाजायची आणि दुपार कलली की पंच्यात बांधून दुरडी डोक्यावर घेऊन घरोघरी द्यायची. भाकरी मोडायची नाही म्हणून ती चालायची कशी, तर डोक्यावर झोपलेलं मूल घेतल्यासारखी.

तिच्या गिऱ्हाइकांत देवदत्त मास्तर म्हणून एक होते. एकटा जीव. भाकरी घ्यायला दारात आले की खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, मायाक्का, काहीतरी सांग. एकदा तिने अप्पांची गोष्ट सांगितली. मास्तरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. कादंबरी म्हणे. नाव 'हाकेपल्याडचं गाव'. त्यात तळ्याच्या तळाशी एक गाव असतं, गेलेली माणसं तिथे राहतात. वर्षातून एकदा त्यांना वर यायची मुभा, आणि एकच हाक मारायची परवानगी. गौरा नावाच्या पोरीला बापाची हाक येते. ओ द्यावी की देऊ नये? पोर तोंड उघडते आणि पुस्तक संपतं. मास्तरांनी मायाक्काला अख्खं वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलंय, पण लसणाचा वास राहिला की. मास्तर हसले. गोष्ट कुणाची हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण तिनेच नको म्हटलं होतं. पुढे मास्तर वारले. पुस्तक मात्र गल्लोगल्ली फिरलं.

आणि परवा त्याचा पिक्चर आला.

काय सांगावं, घरांत उभी फूट पडली. गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात आधी पाण्याच्या टँकरवरून भांडणं व्हायची, ती बंद झाली आणि पुस्तकवाले आणि पिक्चरवाले असे दोन तट पडले. पिक्चरात ती पोर शेवटी थांबत नाही. दार उघडते, तळ्यात उडी घेते, खाली सोन्याचे मनोरे, दोन तोंडांची मगर, मगरीशी मारामारी, आणि बापाला हाताला धरून वर आणते. कुणी म्हणे, एवढे पैसे खर्चून पुस्तकाचा जीव घेतला. कुणी म्हणे, इतकी वर्षं त्या पोरीला दारात ताटकळत ठेवलं होतं, सुटली बिचारी. ऋतुजा आणि अभिमन्यू हे नवरा-बायको तर पाठीला पाठ लावून जेवत होते. ती पुस्तकाकडून, तो पिक्चरकडून. त्याला पिक्चरला पुन्हा जायचं होतं, पण बायको जोडीने येईना, म्हणून त्याने तिच्याबरोबर मायाक्काला पाठवलं. म्हणाला, आक्का, तुम्ही बघा आणि हिला समजावा.

मायाक्का उभ्या जन्मात तिसऱ्यांदा थेटरात बसली. गार हवेने तिचे गुडघे आखडले. पण पडद्यावर ते दार आलं, आणि तिचं अंग सावध झालं. तसंच दार. तशीच कडी. बाहेर तिन्हीसांज. पोर आत उभी. थेटरात टाचणी पडली तर ऐकू यावी असं शांत झालं.

"माये."

तोच आवाज. बाजारातून दमून आलेल्या माणसाचा, तळाशी थोडा फाटलेला.

"ओ," मायाक्का म्हणाली.

तिला कळायच्या आत तोंडातून गेलं. या वेळी तोंडावर हात ठेवायला कुणी नव्हतं. पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली आणि पुन्हा पुढे झाली. पडद्यावर पोरीने दार उघडलं, अर्ध्या थेटराने शिट्ट्या मारल्या, अर्धं थेटर गप्प बसून राहिलं.

येताना रिक्षात ऋतुजा चिडचिड करत होती. मगर सहन केली असती, म्हणाली, सोन्याचे मनोरेही केले असते. पण ज्या गोष्टीचा सगळा जीव त्या एका हाकेत, ती हाकच यांनी काढून टाकली. बाप नुसता मुका उभा राहतो दारात.

मायाक्काने तिच्याकडे पाहिलं. "हाक हाय की त्यात."

"कुठे आहे, आक्का? वारा सुटतो तेवढाच. सगळे त्यावरच तर ओरडतायत."

पोरगी मोबाइल बघत असेल, तिला ऐकू आलं नसेल, अशी मायाक्काने स्वतःची समजूत घातली. मग थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं, की पिक्चरातल्या पोरीचं नाव गौरा होतं. माये म्हणून हाक मारायचं तिथे कुणाला काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुरडी नेहमीच्या वाटेने निघाली, पण प्रत्येक दारात मायाक्का जरा जास्त रेंगाळली. भार्गवीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मास्तरांचं पुस्तक त्यांनी तीनदा वाचलेलं. त्यांना विचारायचा अवकाश, बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाल्या, दारात बाप होता की आणखी काही, हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर अंगावर काटा येतो. यांनी सरळ बापच उभा केला. आणि हाक गाळली.

"म्हंजी तुमालाबी ऐकू न्हाय आली," मायाक्का म्हणाली.

"नसलेली कशी ऐकू येईल, मायाक्का?"

पुढे दोन घरं झाली, तिथे पिक्चरवाले होते. त्यांना हाक नव्हती याचं दुःखच नव्हतं. हाक कशाला हवी, मगर बघितली का तुम्ही? मायाक्काने मगरीचं कौतुक केलं आणि पुढे निघाली. दुरडी हलकी होत चालली होती आणि छाती जड. आता तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. अज्जी खरी असेल, तर काल तिने हाकामारीला ओ दिली, आणि तिचे दिवस भरले. आई खरी असेल, तर तेव्हा दारात अप्पाच होते, जिवंत होते, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांना उंबऱ्यावर मरू दिलं. मरणाचं तिला तेवढं काही नव्हतं. गुडघे तर रोजच म्हणत होते, चला. पण दुसरी गोष्ट तिला सोसवेना. इतकी वर्षं ती मनाच्या तळाशी अज्जीच खरी ठरावी म्हणून देवाला दिवा लावत आली होती. आणि अज्जी खरी ठरली तर दिवा लावणारीच जाणार. असा देवाचा व्यवहार.

शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावर हिंदुरावांचं. मूळचे करकंबचे, एसटीत कंडक्टर होते. पुस्तक त्यांनी हातात धरलेलं नव्हतं, पिक्चर दोनदा पाहिलेला, आणि दोन्ही वेळा शिट्टी मारलेली. त्यांनाही तिने तेच विचारलं.

"हाक? न्हाय बा," हिंदुराव म्हणाले. "आन कशाला पायजे? बाप दारात हाय हे पोरीला बिनहाकंचं कळतंय. मी हुतो की आत, माझीबी पोरगी बाजूला बसली हुती. पडद्यावर त्या पोरीनं दार उघडलं आन मी रडलो, खोटं कशाला बोलू. कोण का असंना दारात. तिनं उघडलं, ह्ये खरं."

मायाक्काने त्यांच्या भाकऱ्या त्यांच्या हातात दिल्या. मग खाली उतरली.

त्या दिवसापासून तिने तिन्हीसांजेला दार लावणं सोडलं. दिवा लावायची आणि उंबऱ्याच्या आत पाय पसरून बसायची. शेजारीण म्हणाली, डास येतील. मायाक्का म्हणाली, येऊ देत, त्यांनी तरी हाक न मारता यावं. पण हसली नाही. बाहेरच्या पायरीवर ती एक भाकरी ठेवायची, वर तेल-तिखटाचा ठिपका. सोलापूरच्या गल्लीतली कुत्री ती. चप्पल सोडत नाहीत, भाकरी सोडतील? पण त्या पायरीची भाकरी एकाही कुत्र्याने तोंडात धरली नाही. समोर ओळीने बसायची, तोंडं तिच्या दाराकडे, शेपट्या पोटाशी, आणि भुंकायची नाहीत. भर उन्हाळ्याचे दिवस, भिंती रात्रभर तापलेल्या, पण तेवढ्या घटकेला मायाक्काच्या उंबऱ्यावरून गार झुळूक आत यायची. तिला ओल्या घोंगडीचा वास यायचा. अप्पांची घोंगडी तर त्यांच्याबरोबरच गेली होती.

ऋतुजा एका संध्याकाळी चटणीची वाटी परत द्यायला आली, तर मायाक्का दाराकडे बघून हळू कानडीत काही बोलत होती. ऋतुजाला कानडी येत नव्हतं. तिने विचारलं, कोण आलंय? मायाक्का म्हणाली, कुणी न्हाय अजून. मग ऋतुजाने नेहमीचा विषय काढला, तिच्या घरात अजून अबोला होता. कुणाचं बरोबर, आक्का? पुस्तकाचं की पिक्चरचं?

मायाक्काने चटणीची वाटी आत सरकवली.

"पुस्तकातली पोर मी इतकी वरसं हुते," ती म्हणाली. "त्यात लई शिणवटा हाय, बाई. आता पिक्चरातली होऊन बघते."

ऋतुजाला वाटलं, म्हातारी गंमत करते. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं आणि दोघं खूप दिवसांनी एकत्र हसले. पण तिथून परत येताना तिला एक गोष्ट खटकली होती, ती तिने हसण्यात सांगितली नाही. कुत्र्यांची ओळ तिला वाट द्यायला सरकली होती, आणि ती गेल्यावरही सरकलेलीच राहिली, जणू मागून आणखी कुणी यायचं होतं.

मायाक्का गेली ती शनिवारी, दिवेलागणीला. शेजारणीने पाहिलं तेव्हा ती दारात बसल्यासारखी बसली होती, डोकं चौकटीला टेकलेलं, चेहरा निवांत. पायरीवरची भाकरी मात्र त्या दिवशी नव्हती. कुत्री लांब, गल्लीच्या तोंडाशी होती. अज्जी खरी की आई, हे तिला कळलं असेल तर तिलाच. गल्लीत लोकांनी त्यावरही दोन तट पाडले असते, पण गोष्ट कुणाला माहीतच नव्हती.

त्या शनिवारची फेरीही तिने चुकवली नव्हती. सकाळी भाजलं, वाळवलं, पंचा झटकून बांधला. ऊन उतरल्यावर निघाली. भार्गवीबाईंना त्यांच्या भाकऱ्या दिल्या आणि दातांचं विचारलं. अभिमन्यूकडे दोन पुडकी दिली, कारण पाहुणे यायचे होते. सगळ्यात शेवटी हिंदुरावांचा जिना चढली, मधल्या पायरीवर दम खाल्ला. हिंदुरावांनी पुडकं सोडून बघितलं, तर वरचीच भाकरी मधोमध तडकलेली. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या की, चालतंय. मायाक्काने ऐकलं नाही. दुरडीच्या तळातून अख्खी काढली, त्यांच्या पुडक्यात ठेवली, तडकलेलीही परत घेतली नाही.

"ही आधी खावा," म्हणाली, "न्हाय तर सादळंल." आणि रिकामी दुरडी काखेला मारून, भिंतीला हात लावत, जिना उतरायला लागली.